धारकर, सुभेदार आणि माझी कात्री

सिनेमात काम केलं असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझं तोंड निरखून पाहतो आणि मग विचारतो, "कोणत्या पिक्चरमध्ये?" मी म्हणतो, सगळ्याच. जळगावात जेवढी पिक्चरं आली त्यांतली निम्मी तरी माझ्या हाताखालून गेली. मी ऑपरेटर होतो. प्रेक्षकांच्या डोक्यामागे, माडीवरच्या पत्रा ठोकलेल्या खोलीत उभा राहून मशीन चालवणारा. लोक माझ्याकडे वळून पाहायचे ते फक्त पडदा पांढरा पडला म्हणजे, आणि त्या वेळी त्यांच्या तोंडी जे शब्द असत ते संपादकांना छापता येणार नाहीत.

त्याआधी मी एका जिनिंगमध्ये इंजिनावर होतो. आमच्या शेठजींनी थेटर काढलं तेव्हा त्यांना इंजिन कळणारा माणूस हवा होता, कारण मशीनची वीज थेटरामागच्या इंजिनावर तयार व्हायची. इंजिनावरून मी वर केबिनमध्ये चढलो तो तिथलाच झालो. मशीन शिकवायला मुंबईहून एक पारशी गृहस्थ आठ दिवस येऊन राहिले होते. जाताना त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. एक, केबिनमध्ये विडी ओढायची नाही, कारण फिल्म पेटायला ठिणगीसुद्धा पुरते. दुसरी, चालतं मशीन सोडून हलायचं नाही. पहिली मी जन्मभर पाळली. दुसरी एकदाच मोडली, आणि हा लेख त्या एकदाचाच आहे.

ज्यांनी केबिन पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पिक्चर पेटीतून यायचं. लोखंडी पेटी, आत गोल डबे, प्रत्येक डब्यात एक रीळ. पेटी मुंबईहून निघाली की गावोगाव फिरत यायची. आमच्याकडे ती बहुतेक वेळा धुळ्याहून यायची आणि आमचा मुक्काम संपला की भुसावळवरून पुढे खांडव्याकडे जायची. पेटीत एक पुठ्ठ्याचं कार्ड असायचं. कोणत्या गावात कोणत्या रिळाचं किती फूट फाटलं, किती कापलं, हे त्या गावच्या ऑपरेटरने त्यावर इमानाने लिहायचं. मुंबईची कंपनी कार्ड पाहून कोणाची चूक ते ठरवायची. न लिहिता कापलं आणि ते उघडकीला आलं, तर ऑपरेटरला घरी बसावं लागे, आणि एकदा एका थेटरातून काढलेल्याला दुसरं थेटर उभं करत नसे.

खेळ झाला की रीळ उलटं गुंडाळायचं. एका हाताने चरकाचा दांडा फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांत फिल्मची कड हलकेच धरायची. कडेच्या ओळीतलं भोक फाटलं असेल तर बोटाला खरवडतं, सांधा आला की उंचवटा लागतो. तेव्हाच्या मूकपटांना सांधे फार. रात्रीचा प्रसंग निळ्या रंगात बुडवलेला, आगीचा तांबड्या, आणि रंग बदलला की तिथे तुकडा जोडलेला. त्यामुळे पिक्चर कोणत्या दिग्दर्शकाचं आहे हे मी डोळे मिटून सांगू शकत असे. सुभेदारांचं रीळ असलं की बोटाखाली सांधे नुसते टकटक येत राहायचे. घोडा, तलवार, किल्ला, पुन्हा घोडा. धारकरांचं असलं की फिल्म पाण्यासारखी सरसर जायची, कारण त्यांचा एकेक प्रसंग लांबच लांब. नदीवरची बाई घागर भरायला वाकली की ती वर उठेपर्यंत धारकर तिला सोडत नसत.

तेव्हा आमच्या भागात दिग्दर्शक म्हणजे हे दोनच. बाकीच्यांची पिक्चरं यायची आणि जायची. या दोघांची आली की गावात दोन तट पडायचे. थेटरासमोर चहाचं हॉटेल होतं. तिथल्या बाकावर बसून कोण मोठा, धारकर की सुभेदार, यावर इतका वाद चालायचा की कापसाच्या भावावरसुद्धा तेवढा होत नसे.

मी त्या वादात पडत नव्हतो. पडलो असतो तर मला खरं सांगावं लागलं असतं, आणि खरं असं होतं की दोघांचाही मोठेपणा थोडाफार माझ्या हातात होता. मूकपटाचा वेग ऑपरेटर ठरवायचा. बाजाराच्या दिवशी गर्दी असली की शेठजी खालून निरोप पाठवायचे, "तीन खेळ झाले पाहिजेत." मग मी मशीन पळवायचो. त्या दिवशी धारकरांची बाईसुद्धा घागर झटकन भरायची, आणि बाजाराला आलेली मंडळी म्हणायची, "धारकर आता सुधारला." उन्हाळ्यात शेठजी भडगावला गिरणेच्या कोरड्या पात्रात तंबू टाकायचे. तिथे संध्याकाळी वारा सुटला की पडदा हलायचा आणि सुभेदारांचे घोडे खरोखर अंगावर आल्यासारखे वाटायचे. भडगावकर सगळे सुभेदारांच्या बाजूचे निघाले ते त्या वाऱ्यामुळे, हे माझं मत मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

हॉटेलातल्या वादाचे दोन पुढारी होते. धारकरांच्या बाजूने चौधरी मास्तर. शाळेत मराठी शिकवायचे, पांढरं धोतर, काळा कोट, आवाज हळू. कधी टेबलावर हात आपटला नाही की समोरच्याचं बोलणं तोडलं नाही. असोद्याच्या पलीकडच्या एका लहान वस्तीतून शिकून वर आलेले, त्यामुळे गावात त्यांच्या शब्दाला मान होता आणि त्यांनाही तो जपावासा वाटे. सुभेदारांच्या बाजूने असोद्याचे आबा. केळीची बाग, चार बैल, वय साठीकडे झुकलेलं. जळगावला गाडी आणली की बाजार उरकून एक खेळ पाहिल्याशिवाय परत जात नसत.

आबा म्हणायचे, "मास्तर, लढाई पाह्याची असली तं सुभेदारची पाह्याची. तुमच्या धारकरचं पिक्चर म्हनजे बैलाले पानी पाजनं हाये. त्याचं पिनं होत नही तोपर्यंत आपन उभं राहाचं."

मास्तर म्हणायचे, "आबा, बैल पाणी पितो तेव्हा तुम्ही त्याच्याकडे बघत उभे राहताच ना? तेच धारकर करतात. आपण रोज पाहतो तेच थांबून पाहायला लावतात."

"रोजचं पाह्याले तिकीट कायले काढाचं?" असं आबा म्हणाले की हॉटेल हसायचं आणि मास्तरही हसायचे.

अशात धारकरांचं एक नवं पिक्चर धुळ्याहून आमच्याकडे आलं. गोष्ट साधी होती. एका म्हाताऱ्या बाईचा एकुलता एक मुलगा पलटणीत जातो. ती वाट पाहते. शेवटी तो गेल्याचं पत्र येतं.

नवी पेटी आली की सकाळी रिकाम्या थेटरात सगळी रिळं एकदा चालवून पाहायची आमची रीत होती. आधी मशीनला हळदकुंकू, मग नारळ, मग खेळ. त्या दिवशी चौथं रीळ चालू होतं. म्हातारी जात्यावर ज्वारी दळत होती. मला विडीची तलफ आली. केबिनमध्ये ओढायची नाही हे व्रत मी पाळलं, आणि ते पाळण्यासाठी चालतं मशीन सोडून बाहेर जिन्यावर जाऊन बसलो. खाली इंजिनावाला होता, त्याच्याशी दोन शब्द बोललो. परत आलो तेव्हा मशीन खडखडत होतं आणि फिल्म दातऱ्या चाकावरून सुटून कडेची भोकं फाडत चालली होती. मी मशीन बंद करेपर्यंत एक तुकडा उजेडासमोर अडकून तिथल्या तिथे जळला. झाकण पाडलं म्हणून आग बाकीच्या रिळाकडे गेली नाही.

फाटलेला भाग मोजला तो दीडशे फुटांच्या वर निघाला. ती फिल्म पुन्हा मशीनवर चालणं शक्य नव्हतं. मी रीळ उजेडात धरून पाहिलं. पोस्टमन दारात येऊन पत्र पुढे करतो, तिथपर्यंत ठीक होतं. पुढचं सगळं म्हातारीचं रडणं. छाती बडवते, जमिनीवर लोळते, शेजारणी धावत येतात, तिला पाणी पाजतात, ती पुन्हा रडते. यातलं बहुतेक गेलं होतं. शेवटी थोडं रडणं शाबूत होतं आणि त्यानंतर एक प्रसंग होता, थांबलेलं जातं आणि त्याच्या कडेने अर्धवट दळलेलं पीठ.

आधी मी शाबूत राहिलेलं रडणं जोडून पाहिलं. पोस्टमनने हात पुढे केला आणि दुसऱ्या क्षणी म्हातारी जमिनीवर. पोस्टमनने तिला ढकललं असंच वाटत होतं. तेव्हा मी तेही कापलं. पोस्टमनचा पत्र धरलेला हात, आणि त्याला लागून थेट थांबलेलं जातं. सांधा लावला, सुकू दिला, चालवून पाहिला. झटका बसला नाही. बरं दिसलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं दिसलं. मी तो सांधा पुन्हा एकदा मागे घेऊन पाहिला.

कापलेले दोनशे फूट पेटीत ठेवून कार्डावर लिहायला हवे होते. मी थेटरामागे नेऊन त्यांना काडी लावली. ती फिल्म भुर्रकन जळते, राखसुद्धा धड राहत नाही. कार्डावर लिहिलं, "जळगाव, सर्व ठीक." त्या वेळी माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं आणि मला थेटर सोडायचं नव्हतं. माझ्याकडे तेवढीच सबब आहे.

संध्याकाळी पहिला खेळ झाला. पोस्टमनने हात पुढे केला, जातं थांबलं, आणि थेटरात खोकलासुद्धा ऐकू येईना. एरवी पडद्यावर अक्षरं आली की वाचता येणारे मोठ्याने वाचायचे, त्या ठिकाणी तेही गप्प. बायकांच्या बाजूने फक्त पदर सावरल्याचा आवाज आला. इतकी वर्षं मशीन चालवलं, पण पडद्यावर काहीच घडत नसताना सगळं थेटर असं धरून ठेवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी केबिनच्या खिडकीत उभा होतो आणि माझ्या अंगावर काटा आला, तोही अभिमानाचा. शरमेची आठवण मला दुसऱ्या दिवशी झाली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात मास्तर उभे राहून बोलले. बसून बोलणारा माणूस, पण त्या दिवशी उभे राहिले. म्हणाले, "सुभेदार असते तर त्या बाईला दहा मिनिटं रडवलं असतं. धारकरांनी एक अश्रू दाखवला नाही. जातं थांबवलं. दिग्दर्शक कशाला म्हणायचं याचा माझ्यापुरता वाद संपला."

सगळे आबांकडे पाहायला लागले. आबांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "हारलो मी. धारकरच मोठा." आणि बैल जुंपायला निघून गेले. आबांना इतक्या लवकर हार मानताना कोणी पाहिलं नव्हतं.

त्याच वेळी बोललो असतो तर चार माणसांत हसून सगळं संपलं असतं. मी चहा पीत राहिलो. मुक्काम हलला, पेटी पुढे गेली, आणि जळगावात ज्याच्या त्याच्या तोंडी ते जातं झालं. मास्तरांनी त्यावर वाचनालयात भाषण केलं. त्या भाषणाची बातमी धुळ्याला पोचली. धुळ्यात सुभेदारांचा तट जबर होता. तिथल्या एका वाचनालयाने मास्तरांना पत्र पाठवलं, धारकर श्रेष्ठ की सुभेदार यावर जाहीर वाद ठेवू, आपण धारकरांची बाजू मांडावी, आमच्याकडून एक वकील सुभेदारांची मांडतील.

मास्तर पत्र घेऊन थेट केबिनमध्ये आले. परगावी बोलायला त्यांना पहिल्यांदाच कोणी बोलावलं होतं. "दामू, तू आणि आबा माझ्याबरोबर यायचं. जळगावची म्हणून दोन माणसं तरी समोर दिसली पाहिजेत." मी हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही, आणि खरं कारण सांगवेना. पेटी धुळ्याहूनच आमच्याकडे आली होती. धुळ्याने ते पिक्चर अख्खं पाहिलं होतं, दोनशे फूट रडण्यासकट, आणि मास्तर त्या लोकांसमोर उभं राहून सांगणार होते की ती बाई रडलीच नाही.

सर्व्हिस मोटारीने आम्ही निघालो. एरंडोलपर्यंत मास्तर भाषणाचा कागद वाचत होते. मला घाम येत होता आणि आबा म्हणत होते की मोटार लागली असेल. पारोळ्याला मोटार पाणी घ्यायला थांबली. आबा पाय मोकळे करायला गेले. मी मास्तरांना कडुनिंबाखाली बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. विडी, जिना, कात्री, काडी, कार्ड, सगळं.

मास्तरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "पत्रानंतर थेट जातं, हे तू ठरवलंस?"

"दुसरं काही बसत नव्हतं, मास्तर."

"रडणं थोडं शाबूत होतं म्हणतोस. तेही कापलंस?"

"कापलं."

त्यांनी कागदाची घडी घातली. "हे आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"कोणालाच नाही."

"मग सभेत तुझं नाव निघायचं नाही. शेठजींच्या कानावर गेलं तर तुला ठेवणार नाहीत. पण आता मी तिथे बोलू काय, ते मला कळत नाही." एवढं बोलून ते मोटारीत जाऊन बसले. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान दोन शब्द सुनावतील. धुळे येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

वाचनालयाचा हॉल भरला होता. वकीलसाहेब आधी बोलले. माणूस पट्टीचा बोलणारा. म्हणाले, "धारकरांचं ताजं पिक्चर आपण सर्वांनी पाहिलं. मुलगा गेल्याचं पत्र आलं, आई रडू लागली. मी बाहेर गेलो, चहा घेतला, पान खाल्लं, एका पक्षकाराला भेटलो, परत आलो. आई रडतेच आहे!" हॉल हसून लोटपोट झाला. आबा माझ्याकडे पाहू लागले. त्यांना काही कळेना.

मग मास्तर उठले. कागद खिशातच राहिला. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला आणि म्हणाले, "वकीलसाहेबांनी पाहिलं ते धारकरांचं पिक्चर. मी जे पाहिलं त्यात ती आई रडत नाही. पत्र येतं आणि जातं थांबतं. मी गेले सहा महिने त्याच एका प्रसंगावर धारकरांना मोठं म्हणत आलो. आज इथे येताना मला कळलं की तो प्रसंग धारकरांचा नाही. तेव्हा माझी बाजू मी मागे घेतो."

आधी कुजबुज झाली. मग पुढच्या रांगेतले एक फेटेवाले गृहस्थ सगळ्यांच्या वतीने बोलायला उभे राहिले. "मास्तर, आम्ही बठ्ठासनी देखेल शे ते. ती बाई छाती बडवी बडवी रडनी. तुमले एकलालेच जातं कसं दिसनं? झोप लागी गयी व्हती का?"

पुन्हा हशा. वकीलसाहेबांनी हसू आवरून विचारलं, "धारकरांचा नाही, तर मग कोणाचा, ते तरी सांगा."

"ते मी सांगणार नाही," मास्तर म्हणाले.

या उत्तरावर जो हशा झाला तो वेगळा होता. लोकांना वाटलं, या माणसाने पिक्चर पाहिलंच नाही, मनाने काहीतरी रचून गावभर भाषणं केली आणि आता पकडला गेला. कोणीतरी मागून म्हणालं, "मास्तर, घर जाईसन झोपा." मास्तर तसेच उभे होते, हात कोटाच्या खिशाशी. त्यांना एक शब्द पुरला असता, आणि तो ते उच्चारत नव्हते.

तेवढ्यात माझ्या शेजारचे आबा उठले. "मी बी पाह्यलं!" केवढ्यांदा ओरडले ते. "मी सोता पाह्यलं. पोस्टमननं हात पुढे केला अन् जातं थांबलं. मले काय डोये नही का?" त्यांच्या बोलीला आणि हातातल्या काठीला हॉल आणखीच हसला. आबा उभेच राहिले. माझ्या एका बाजूला ते उभे, समोर मास्तर उभे, आणि मधे मी खुर्चीवर बसलेला. मला फक्त उठायचं होतं. मी ऑपरेटर, मी कापलं, एवढंच म्हणायचं होतं. मी माझ्या टोपीकडे पाहत बसलो. सभा संपली, आभार झाले, मास्तरांना हार घातला गेला, आणि तो हार गळ्यात घेऊन ते खाली उतरेपर्यंत मी बसूनच होतो.

दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने आम्ही परतलो.

धुळ्याचं हसू आमच्याआधी जळगावला पोचलं. शाळेत पोरं फळ्यावर जात्याचं चित्र काढून ठेवू लागली. हॉटेलात मास्तर आले की कोणीतरी विचारायचं, "मास्तर, या आठवड्याच्या पिक्चरमध्ये काय काय नाही?" हळूहळू ते वादात बोलेनासे झाले. येऊन चहा घ्यायचे आणि जायचे. ज्या बाकावर दोन वर्षं त्यांचा शब्द चालला तिथे आता कोणीही उठून त्यांना दिग्दर्शन शिकवू लागला. मी वरून, केबिनच्या खिडकीतून, हे रोज पाहत होतो.

पंधरा दिवस मी ते पाहिलं. मग बाजाराच्या दिवशी, हॉटेल भरलेलं असताना, खाली उतरलो. मास्तर होते, आबाही होते. मी बाकाशेजारी उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं, "मास्तर खरं बोलले. ती बाई रडत होती, ते रडणं मी कापलं. जातं मी जोडलं. माझ्या चुकीने फिल्म फाटली म्हणून." नोकरी गेली तर जाऊ दे, असं ठरवून आलो होतो.

सगळे हसले.

"दामूभाऊ, मास्तरांना वाचवायला आलास होय?"

"मास्तरांनी पढवून पाठवलं का?"

"कापलेली फिल्म कुठे आहे, दाखव ना."

मी म्हटलं, जाळली. त्यावर आणखी हसले. गल्ल्याजवळ शेठजी बसले होते. ते म्हणाले, "कार्ड मी स्वतः पाहिलं होतं, सर्व ठीक लिहिलं होतंस. उगाच गावात थेटराचं नाव खराब करू नकोस." माझी नोकरी सुरक्षित होती. ती इतकी नकोशी मला कधी झाली नव्हती.

आबा हसले नाहीत. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं.

"दामू, तू सांग. माहा धाकला भाऊ जर्मनच्या लढाईत पलटनीसंग बसऱ्याले गेल्ता. तो मेल्याचा कागद आला तवा माय जात्यावर व्हती. मी दारात उभा व्हतो. माय रडली नही. तिनं जातं थांबोलं. तसंच अर्ध पीठ. दोन दिवस कोनाले हात लावू देला नही त्या पिठाले." आबांचा आवाज खाली आला होता, पण हॉटेल गप्प झालं होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "हे पाह्यल्याबिगर कोनाले दाखोता येत नही. धारकरनं कुठी तरी पाह्यलं असीन. तू पाह्यलं का?"

"नाही, आबा."

"मंग तुह्या कात्रीले कसं कयलं?"

धारकरांनी त्या आईला रडवलं होतं ते त्यांना ठाऊक असलेल्या आयांवरून, आणि माझ्या हाताने जे झालं ते फाटक्या भोकांमुळे. हे आबांना कोणत्या तोंडाने सांगायचं? आबांनी काठी उचलली, मास्तरांना राम राम घातला आणि आपल्या गाडीकडे गेले.

हळूहळू हॉटेल रिकामं झालं. मी मास्तरांसमोर बसलो. त्यांचा चहा निवून गेला होता तरी त्यांनी तो संपवला. मग बशी बाजूला सारून, वर्गात समजावून सांगतात तशा आवाजात म्हणाले, "दामू, धुळ्याला उठला असतास तर माझं नाव राहिलं असतं. इथे सांगितलंस त्यात आबांना पडद्यावर भेटलेली आई जाणार होती. कोणाला पटलं नाही ते बरंच झालं. आता पुन्हा कोणाला सांगू नकोस."

ते शाळेकडे निघून गेले. ते रागावले नव्हते, आणि मला सहन झालं नाही ते तेवढंच. आबा जिवंत होते तोवर मी मास्तरांचं ऐकलं. मास्तरांनंतर आता आबाही गेले, म्हणून हे छापायला दिलं आहे.